जुनी भाड्याची जागा : सोडणारा आणि सोडवून घेणारा

आपण खेड्यात राहतो. राहते घर आपलेच असते. मग घरमालक आणि भाडेकरू यांच्या गोष्टीशी आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. पण थोडा विचार करा. कुणाच्या आजोबांनी तालुक्याच्या पेठेत घर बांधले. पुढची खोली शिंप्याला किंवा किराणा दुकानदाराला भाड्याने दिली. आजोबा गेले, वडीलही गेले. दुकान मात्र तिथेच आहे. कुणाचा चुलता मुंबईला गिरणीत लागला. त्याने लालबाग-परळला चाळीत एक खोली भाड्याने घेतली. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडली. चुलता थकून गावी आला. खोलीची भाडेपावती अजून त्याच्याच नावाची आहे.

अशा घरी एक ना एक दिवस निरोप येतो, "जागा सोडा, पैसे देतो." किंवा आपल्यालाच तसा निरोप कुणाला धाडावा लागतो. दोन्ही वेळा माणूस गोंधळतो. किती मागावे? किती द्यावे? हे पैसे घेणे बरोबर आहे का? कागद कुठला करावा? या गोष्टी आम्ही येथे सांगणार आहोत.

घरमालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, "घर माझं, आणि वर पैसेही मीच द्यायचे? हा कुठला न्याय?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी जरा मागे जावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत माणसांची गर्दी झाली. जागा थोड्या आणि माणसे फार. मालक मागेल ते भाडे द्यावे लागे, नाही तर रस्त्यावर यावे लागे. म्हणून सरकारने भाड्यावर बंधन घातले. १९४७ साली मुंबई राज्यात त्यासाठी मोठा कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते, तेच पुढे चालायचे, असे त्यात ठरले. जी जागा त्यानंतर भाड्याने गेली, तिचे पहिले भाडे तेच कायमचे धरले. विदर्भात आणि मराठवाड्यात वेगळे कायदे होते, पण हेतू हाच.

त्यामुळे गरिबाचे छप्पर टिकले, हे खरे. पण वर्षे लोटली. धान्य महागले, विटा महागल्या, गवंड्याची मजुरी वाढली. भाडे मात्र होते तिथेच राहिले. मालकाला छप्पर शाकारायलाही ते पुरेना. पुष्कळ घरे दुरुस्तीवाचून मोडकळीस आली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भाडे असे इतक्या जुन्या काळावर गोठवून ठेवणे आता वाजवी राहिलेले नाही. पुढे सगळ्या राज्यासाठी मिळून एक कायदा झाला. त्याचे नाव महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

या कायद्याने मालकाला भाडे वाढवण्याची मुभा दिली, ती वर्षाला शेकडा ४. जागेचे भाडे महिना १५० रुपये असेल, तर वाढ झाली ६ रुपये! आणि भाडेकरूचे संरक्षण बहुतेक तसेच ठेवले. भाडेकरू ठरलेले भाडे देत असेल, किंवा द्यायला तयार असेल, तर मालकाला केवळ मनात आले म्हणून त्याला काढता येत नाही. कोर्टात जावे लागते आणि कायद्यात लिहिलेले कारण सिद्ध करावे लागते.

ती कारणे कोणती? मालकाला स्वतःच्या कुटुंबासाठी जागेची खरीखुरी गरज असणे, हे एक. भाडेकरूने परवानगीवाचून दुसऱ्याला पोटभाड्याने जागा देणे, हे दुसरे. लेखी परवानगी न घेता पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, जागा विनाकारण बंद ठेवणे, अशी आणखीही आहेत. गरजेचे कारण असले तरी कोर्ट दोन्ही बाजू तोलते. मालकाला जागा न मिळाल्याने जास्त त्रास, की भाडेकरूला ती गेल्याने जास्त त्रास, हे पाहते. भाडे थकले असेल तरी लगेच दावा करता येत नाही. आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावे लागते. दावा झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी शेकडा १५ व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, तर त्या कारणाने त्याला काढीत नाहीत.

आता मालकाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. भिंती मालकाच्या आहेत. पण त्या भिंतींच्या आत राहण्याचा हक्क कायद्याने भाडेकरूच्या हातात दिला आहे. तो हक्क हवा असेल तर एक वाट कोर्टाची, दुसरी वाट सलोख्याची. सलोख्याने जो पैसा दिला जातो तो दान नव्हे, खंडणीही नव्हे. ती त्या हक्काची किंमत आहे. म्हणून घेणाऱ्याने लाजू नये, देणाऱ्याने चिडू नये.

पूर्वी मात्र हे उघडपणे करता येत नसे. १९४७ च्या कायद्याप्रमाणे मालकाने पागडी घेणे गुन्हा होता. भाडेकरूने जागा सोडण्याबद्दल पैसे घेणे हाही गुन्हा होता. तरी व्यवहार चालतच. फक्त ते अंधारात, पावतीवाचून चालत. त्यात कितीतरी लोक फसले, आणि तक्रार करायलाही तोंड राहिले नाही. २००० सालापासून नव्या कायद्याने हे देणे-घेणे कायदेशीर केले आहे. तेव्हा आता पिशवीतून नोटा आणून दिव्याखाली मोजण्याचे कारण नाही. कुणी तसा आग्रह धरला तर शंका घ्यावी.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हा कायदा राज्यातील प्रत्येक वाडी-वस्तीला लागू नाही. कायद्याच्या जोडयादीत जी शहरे आणि गावे दिली आहेत, तेथेच तो चालतो. आपले गाव त्यात आहे का, हे वकिलाला विचारावे. जेथे तो नाही, तेथे भाडेकरूचे संरक्षण पुष्कळ कमी असते, म्हणून तेथे मोबदलाही थोडाच मिळतो. दुसरी गोष्ट, शेतजमिनीचे कूळ आणि घराचा भाडेकरू एक नव्हेत. कुळाचा कायदा निराळा आहे. कुळाने शेत सोडायचे तर ते लेखी आणि तहसीलदारापुढे पडताळून घ्यावे लागते. येथे आम्ही फक्त घरे आणि दुकाने यांचे बोलत आहोत.

बोलणे कसे काढावे?

समजा, तालुक्याच्या पेठेत एक घर आहे. मालकाला सारे अण्णा म्हणतात. पुढच्या खोलीत शिंपीमामा अडतीस वर्षे शिलाईचे दुकान चालवतात. भाडे महिना १५० रुपये. अण्णांचा मुलगा विजेच्या मोटारी दुरुस्त करायला शिकून आला आहे. त्याला दुकान थाटायचे आहे. अण्णांना कुणीतरी सल्ला देतो, "पाणी तोडा, दिवे तोडा. आठ दिवसांत उठेल म्हातारा." असला सल्ला ऐकू नये. पाणी, वीज अशा गरजेच्या सोयी मालकाने विनाकारण तोडणे हा कायद्याने अपराध आहे. भाडेकरू कोर्टात जाऊन त्या पुन्हा जोडून घेऊ शकतो. आणि एकदा का असे घडले की सलोख्याचे दार बंद झालेच म्हणून समजा. पुढे लाख रुपये जास्त देऊनही माणूस ऐकत नाही. आमच्या मते अशी सौदेबाजी बिघडते ती पैशापायी कमी आणि अपमानापायी जास्त.

अण्णा शहाणे आहेत. ते स्वतः दुकानात जातात. नोकराला धाडीत नाहीत, की वकिलाची नोटीसही आधी पाठवीत नाहीत.

"मामा, पोराला दुकान घालून द्यायचं आहे. जागेची नड आहे."

"अण्णा, अडतीस वर्षं इथं बसलोय. आता या वयात उठून जाऊ कुठं?"

"तेच बोलायला आलोय. तुमची सोय लावल्याशिवाय उठा म्हणत नाही. तुम्हाला काय काय लागेल, ते घरात बोलून ठरवा. मग आपण बसू."

एवढेच पहिल्या दिवशी पुरे. आकडा कुणी काढायचा नाही. मामांनीही "बघू, विचार करतो" एवढेच म्हणावे. त्या दिवशी होकार देण्याची घाई नाही, नकाराचीही नाही. भाडेकरूला नाही म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे, हे दोघांनी मनात धरूनच बोलावे. त्या दिवशी कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नको.

मग घरी बसून दोघांनी आपापला हिशेब पाटीवर मांडावा.

मामांचा हिशेब असा. मागच्या गल्लीत एक गाळा मिळतो. त्याचे भाडे महिना ३,५०० रुपये. आजचे भाडे १५०. म्हणजे महिन्याला ३,३५० रुपये जास्त. वर्षाला झाले ४०,२००. मामांचे वय बासष्ट. अजून पाच वर्षे शिलाई करायची उमेद आहे. पाच वर्षांचे झाले २,०१,०००. सामान हलवणे, नवी पाटी, फळ्या, विजेची जोडणी यांना २५,०००. नव्या जागी गिऱ्हाईक जमेपर्यंत काही महिने धंदा मंदावणार, त्याचे ४०,००० धरा. एकूण २,६६,००० रुपये. शिवाय नव्या गाळ्याला ५०,००० अनामत भरावी लागेल. ती पुढे परत मिळते, म्हणून खर्चात धरली नाही. पण ती रक्कम हातात मात्र आधी हवी.

अण्णांचा हिशेब निराळा. ती खोली आज रिकामी असती तर महिना ४,५०० रुपये भाडे आले असते. वर्षाला ५४,०००. मामा देतात वर्षाला १,८००. म्हणजे दर वर्षी ५२,२०० रुपये हातचे जातात. कोर्टात गेलो तर निकाल कधी लागेल, हे कुणीच सांगू शकत नाही. खालचे कोर्ट, वरचे कोर्ट मिळून दहा वर्षे धरली, तर ५,२२,००० रुपये गेले. वकिलाची फी वेगळी, आणि तोवर मुलाचे उमेदीचे वय निघून जाणार. पण उलट बाजूही आहे. मुलाची गरज खरी आहे. अण्णा दावा जिंकूही शकतात. तसे झाले तर मामांना एक पैसाही मिळणार नाही.

पाहा, आता चित्र कसे स्वच्छ झाले. २,६६,००० च्या खाली मामांचे नुकसान. ५,२२,००० च्या वर अण्णांचे नुकसान. या दोहोंच्या मधे कुठेतरी सौदा आहे. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला. मुंबईचे आकडे पाहून तालुक्याच्या गावी मागणी करू नये, आणि तालुक्याचा भाव धरून मुंबईची खोली देऊ नये. मोठ्या शहरात मालकाला जागा स्वतःसाठी नको असते, पाडून इमारत बांधायला हवी असते. तेथे रिकाम्या जागेचा आणि भाडेकरूसकट जागेचा भाव यांत जे अंतर पडते, त्यातून मोबदला ठरतो. ते अंतर फार मोठे असते.

दर वेळी पैशानेच तडजोड होते असेही नाही. मामा म्हणतात, "दिवाळीची आणि लग्नसराईची शिलाई हातची जाऊ देऊ नका. जेठ उजाडल्यावर मी उठतो." अण्णांना मुलाचे दुकान आखाडीच्या आत उघडायचे आहे, म्हणजे तेवढे थांबता येते. त्या आठ महिन्यांच्या बदल्यात मामा रकमेत तीस हजार कमी करतात. कुणाला मुलांच्या शाळेचे वर्ष पुरे व्हायला हवे असते. कुणी म्हणतो, मागची लहान खोली मला द्या आणि पुढची तुम्ही घ्या. कुठे थकलेली आत्याबाई एकटी राहत असते. तिला पैसे नकोत, शेवटपर्यंत छप्पर हवे असते. हे सारे बोलून, लिहून करता येते. म्हणून आकड्यावर येण्याआधी समोरच्याची अडचण काय आहे, हे विचारावे.

मधे दलाल असला तर एक काळजी घ्या. मालक किती द्यायला तयार आहे, हे एकदा तरी मालकाच्या तोंडून ऐका. मालकाने पाच सांगावेत, दलालाने तीन सांगावेत आणि दोन वाटेत जिरावेत, असे होऊ शकते.

गावी आलेल्या भाडेकरूला धोका

आता आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या नात्यात मुंबई-पुण्याची खोली आहे, त्यांनी हे नीट वाचावे.

पुष्कळ जण नोकरी संपली की खोलीला कुलूप लावून गावी येतात. वाटते, भाडे तर मनिऑर्डरने जाते आहे, मग काळजी कसली? पण कायदा असा आहे की, जागा ज्या कामासाठी घेतली त्या कामासाठी सलग सहा महिने वापरली नाही, आणि त्याला काही योग्य कारण नसेल, तर मालक दावा करून जागा परत मागू शकतो. कुलूप जितके जुने, तितका भाडेकरूचा हक्क कच्चा. शेजाऱ्यांची साक्ष, विजेचे बिल, सारे त्याच्या विरुद्ध जाते. ज्या खोलीचे मालक काल दहा लाख द्यायला तयार होता, तिचे दोन वर्षांनी तो काहीच देणार नाही. म्हणून खोली सोडायचीच असेल तर बोलणी ती वापरात असतानाच करावी. परवानगीवाचून कुणा ओळखीच्याला भाड्याने देऊन गावी येणे हे तर आणखी वाईट. पोटभाडेकरू ठेवणे हेच मालकाला कारण मिळते.

दुसरा धोका भावाभावांतला. पावती वडिलांच्या नावाची. वडील वारले. एक भाऊ मुंबईत त्याच खोलीत त्यांच्याजवळ राहत होता, दोघे गावी शेती पाहत होते. खोली कुणाची? राहत्या जागेच्या बाबतीत कायदा म्हणतो की, भाडेकरू वारला तेव्हा त्याच्या कुटुंबातील जो माणूस त्याच्याबरोबर तेथे राहत होता, तो पुढचा भाडेकरू. तसे कुणीच नसेल तर वारसांपैकी एक, आणि वारसांचे जमले नाही तर कोर्ट ठरवील. गावच्या दोन भावांना हे ऐकून राग येतो. "आम्ही बापाचे लेक नव्हे का?" लेक खरेच. पण शेताची वाटणी आणि भाडेहक्क यांचा कायदा सारखा नाही. मुंबईच्या भावाने मिळालेल्या रकमेतून बाकीच्यांना काही द्यावे की नाही, हा घरातला मामला आहे. तो घरात, आधी मिटवावा. कारण शहाणा मालक सगळ्यांच्या सह्या मागतो. एक भाऊ रुसून बसला की सगळ्यांचे पैसे अडकतात.

तिसरी गोष्ट. मुंबईत जुनी इमारत पाडून नवी बांधताना दोन प्रकारचे कागद पुढे येतात. एकात भाडेकरू पैसे घेऊन हक्क कायमचा सोडतो. दुसऱ्यात तो तात्पुरती जागा सोडतो, आणि नव्या इमारतीत त्याला खोली मिळायची असते. हे दोन्ही कागद वरवर सारखे दिसतात. नवी खोली मिळायची असेल आणि कागदावर "हक्क सोडला" असे लिहिलेले असेल, तर सही करू नये. नव्या जागेचे क्षेत्रफळ किती, मधल्या काळाचे भाडे कोण देणार, किती महिने देणार, हे सारे त्यात असलेच पाहिजे.

कागद कसा असावा?

आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठा उठवण्याचे दिवस गेले. कागद घरी आणावा. बोट ठेवून एकेक ओळ वाचावी. अडलेला शब्द विचारावा. जो म्हणतो "वाचायचं काय त्यात, सही करा", त्याला सांगावे, "उद्या करतो."

कागदात पुढील गोष्टी आहेत ना, ते पाहा. दोन्ही बाजूंची पूर्ण नावे आणि पत्ते. मालक एकाहून जास्त असतील तर सर्वांची नावे. भाऊबंदकीच्या घरात एकाच भावाशी करार करून उपयोग नाही. जागा कोणती, तिच्या पूर्वेला, पश्चिमेला, उत्तरेला, दक्षिणेला काय आहे. भाडेकरू कधीपासून आहे. रक्कम किती, आकड्यात आणि अक्षरातही. जागा कोणत्या तारखेला रिकामी करायची. भाड्याची थकबाकी असेल तर ती वळती होणार की माफ होणार. पूर्वी दिलेली अनामत परत कशी मिळणार. विजेचे आणि पाण्याचे बिल कोणत्या तारखेपर्यंत कोण भरणार. कोर्टात एकमेकांवर दावे असतील तर ते कसे संपणार. आणि तारीख चुकली तर काय. समजा भाडेकरूने मुदतीत जागा सोडली नाही, किंवा मालकाने मुदतीत पैसे दिले नाहीत, तर पुढे काय व्हायचे, हे आधीच लिहावे. भांडण होण्यापूर्वी ते लिहिणे सोपे असते.

कागद योग्य मुद्रांकावर करावा आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावा. मुद्रांक किती रुपयांचा, ते कचेरीत विचारावे.

पैसे आणि किल्ली

सगळ्यात नाजूक जागा ही. भाडेकरूला वाटते, "आधी खोली सोडली आणि पैसे बुडाले तर?" मालकाला वाटते, "आधी पैसे दिले आणि हा उठलाच नाही तर?" दोघांचीही भीती खरी आहे. तोड एकच, एका हाताने पैसे आणि दुसऱ्या हाताने किल्ली. करार लिहिताना थोडी रक्कम, समजा पाचवा हिस्सा, द्यावी. त्यातून भाडेकरूला नव्या जागेची अनामत भरता येते. उरलेल्या रकमेचा बँकेचा डिमांड ड्राफ्ट काढून आणावा, आणि रिकाम्या खोलीत, साक्षीदारांदेखत, किल्ली घेताना तो हातात द्यावा. साधा चेक घेऊन किल्ली देऊ नये. तो वटेल की नाही, हे नंतर कळते. रोखीचा हट्ट तर नकोच. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१७ सालापासून मनाई आहे. आणि मिळालेल्या रकमेवर आयकर लागू शकतो, कारण कायदा तिला भांडवली नफा समजतो. मोठी रक्कम असेल तर हिशेबनिसाला आधीच विचारावे. सारे पैसे खर्चून झाल्यावर कराची नोटीस आली, तर भरायचे कुठून?

तरीही मनात धास्ती असेल तर लोकअदालतीची वाट आहे. ही वाट पुष्कळांना ठाऊकच नसते. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीची कचेरी असते. दावा चालू असला तरी, आणि अजून दावा केलेला नसला तरीही, दोन्ही बाजू राजी असतील तर प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. तेथे झालेली तडजोड कोर्टाच्या हुकुमनाम्यासारखीच धरतात. तिच्यावर अपील नाही. कोर्टात आधी फी भरली असेल तर ती परत मिळते. पुढे कुणी शब्द फिरवला तर नवा दावा घालावा लागत नाही. त्याच हुकुमाची बजावणी मागता येते. नुसत्या करारनाम्यापेक्षा हा कागद कितीतरी बळकट. शिवाय स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले लोक यांना समितीकडून वकील फुकट मिळतो.

आपल्या अण्णांनी आणि मामांनी हेच केले, असे समजू. रक्कम ठरली साडेतीन लाख, त्यातून तीस हजार वजा, म्हणजे ३,२०,०००. त्यातले ६४,००० आधी मिळाले. त्यातून मामांनी मागच्या गल्लीतला गाळा धरला. जेठात शिलाईची यंत्रे हलली.

जागा सोडण्याच्या दिवशी घाईत काही विसरते. म्हणून सांगतो. आदल्या दिवशी विजेच्या मीटरचा आकडा दोघांनी मिळून लिहून घ्यावा. दुकानाचा परवाना, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, आधार यांवरचा पत्ता बदलण्याचे अर्ज भाडेकरूने लवकर द्यावेत. रिकाम्या खोलीचा फोटो काढावा. ताबापावती दोन प्रतींत करावी. त्यात रक्कम मिळाली, ड्राफ्टचा नंबर अमुक, किल्ल्या इतक्या दिल्या, असे लिहून दोघांनी आणि दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. एक प्रत मालकाजवळ, एक भाडेकरूजवळ. भाड्याच्या जुन्या पावत्या मात्र लगेच चुलीत घालू नयेत. मिळालेल्या रकमेच्या कराचा हिशेब पुरा होईपर्यंत त्या लागतात.